परदेशी मिशन संघातील स्वयंसेवक : वसईच्या संतापासून शीव कोळीवाड्यापर्यंत

ख्रिस्तसभेच्या मिशनकार्यासाठी काही काळ परदेशी जाऊन सेवा करणाऱ्या प्रापंचिक व्यक्तीस मिशन स्वयंसेवक म्हणतात. हा स्वयंसेवक धर्मगुरू नसतो, व्रतस्थही नसतो. शाळा, दवाखाना, निर्वासितांची छावणी, हिशेबनिसाचे टेबल किंवा सुतारकाम, जेथे गरज असेल तेथे तो स्थानिक ख्रिस्तसभेच्या हाताखाली काम करतो. द्वितीय व्हॅटिकन परिषदेने ७ डिसेंबर १९६५ रोजी संमत केलेल्या 'आद जेन्तेस' या मिशनकार्यविषयक आदेशपत्राचा ४१वा परिच्छेद प्रापंचिकांच्या या सहभागाविषयीच आहे. शीव कोळीवाडा व परिसरातील ज्या भाविकांच्या मनात अशी इच्छा असेल, त्यांच्यासाठी ही माहिती येथे देत आहोत.

या विषयाचा सर्वांत जुना आणि आमच्या मते सर्वांत बोलका दाखला आपल्या शेजारचाच आहे. संत गोन्सालो गार्सिया यांचा जन्म सुमारे १५५७ साली वसई येथे झाला. वडील पोर्तुगीज, आई येथलीच. वसईच्या किल्ल्यात येशूसंघीय धर्मगुरूंच्या सहवासात त्यांचे शिक्षण झाले आणि ऐन तारुण्यात ते त्या धर्मगुरूंसोबत जपानला गेले. तेथे सुमारे आठ वर्षे त्यांनी धर्मशिक्षक म्हणून सेवा केली. ते व्रतस्थ नव्हते. आजच्या भाषेत बोलायचे तर ते मिशन संघातील स्वयंसेवकच होते. या वर्षांत त्यांनी एक गोष्ट कमावली, ती म्हणजे जपानी भाषा. लोकांत मिसळून, त्यांच्या घरी जेवून, मुलांना शिकवून ती त्यांच्या जिभेवर बसली.

येशूसंघात प्रवेश मिळावा ही त्यांची इच्छा मात्र पूर्ण झाली नाही. पुढे त्यांनी व्यापार केला, त्यात यशही मिळविले. नंतर ते फिलिपीन्समधील मनिला येथे गेले आणि फ्रान्सिस्कन संघात धर्मबंधू झाले. १५९३ साली फादर पेद्रो बाप्तिस्ता यांच्या नेतृत्वाखाली फ्रान्सिस्कनांचा एक छोटा संघ मनिलाहून जपानला निघाला, तेव्हा गोन्सालो त्यांच्यासोबत होते. संघातील धर्मगुरू विद्वान होते, पण जपानी लोकांशी बोलण्यासाठी त्यांना वसईच्या या धर्मबंधूचा आधार घ्यावा लागला. जपानचा सर्वसत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याने १५८७ सालीच मिशनरींना देश सोडण्याचा हुकूम काढलेला होता. अशा शासकापुढे दुभाषा म्हणून उभे राहणे म्हणजे काय, याची कल्पना वाचकांनीच करावी. पुढे क्योटो येथे या संघाने मठ व रुग्णालय उभारले आणि समाजाने टाकलेल्या कुष्ठरुग्णांची सेवा केली.

ऑक्टोबर १५९६ मध्ये 'सान फेलिपे' हे स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्याला लागून निकामी झाले. त्यावरून उद्भवलेल्या वादात हिदेयोशीचा संशय भडकला आणि मिशनरींची धरपकड झाली. चोवीस जणांच्या डाव्या कानाचा भाग कापण्यात आला व जानेवारीच्या कडाक्याच्या थंडीत त्यांना नागासाकीकडे नेण्यात आले. वाटेत दोन जपानी भाविक या बंदिवानांची सेवा करीत चालू लागले. पहारेकऱ्यांनी त्यांनाही बांधले आणि संख्या सव्वीस झाली. त्या दोघांना कोणीही नेमले नव्हते. स्वयंसेवक या शब्दाला त्यांच्याइतके कोणी जागले असेल असे आम्हांस वाटत नाही. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर सव्वीसही जणांना क्रुसावर बांधून भाल्यांनी ठार करण्यात आले. त्यांत सहा फ्रान्सिस्कन, तीन येशूसंघीय व सतरा प्रापंचिक होते. सर्वांत लहान रक्तसाक्षी अवघ्या बारा वर्षांचा होता. पोप नववे पायस यांनी ८ जून १८६२ रोजी या सर्वांना संतपद बहाल केले आणि त्यायोगे गोन्सालो हे भारतात जन्मलेले पहिले संत ठरले. ५ फेब्रुवारी हा संत आगाथा यांचा दिवस असल्याने वैश्विक ख्रिस्तसभा या रक्तसाक्षींचे स्मरण ६ फेब्रुवारीस करते.

याच काळात प्रवाह उलट दिशेनेही वाहत होता. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज येशूसंघीय १५७९ साली गोव्यास आले, येथील भाषा शिकले आणि १६१६ साली त्यांचे 'ख्रिस्तपुराण' रायतूर येथे छापून निघाले. दहा हजारांहून अधिक ओव्यांचा हा ग्रंथ मराठी साहित्यात आदराने वाचला जातो. वसईकर जपानी शिकला, इंग्रज मराठी शिकला. दोघांचेही काम टिकले ते या एका शिदोरीवर. 'आद जेन्तेस'चा २६वा परिच्छेदही मिशनरीने स्थानिक भाषा सफाईने बोलता येईल इतकी शिकावी असे बजावतो.

म्हणूनच दोन-तीन आठवड्यांच्या मिशन सहलींविषयी आमचे मत फारसे अनुकूल नाही. विमानाच्या तिकिटाला जेवढे पैसे लागतात, तेवढ्यात तेथील गवंड्याला कित्येक दिवसांची मजुरी देता येते, आणि भिंत तो आपल्या स्वयंसेवकापेक्षा नक्कीच सरळ बांधतो. अशा भेटीने जाणाऱ्याची दृष्टी रुंदावते हे खरे, परंतु तिला तीर्थयात्रा म्हणावे, सेवा म्हणू नये. सेवेसाठी निदान एखादे वर्ष हाताशी असावे आणि परिचर्या, अध्यापन, विद्युतकाम, लेखापाल यांसारखे एखादे कौशल्य असावे. फादर पेद्रो अरूपे यांनी १४ नोव्हेंबर १९८० रोजी स्थापन केलेली येशूसंघीय निर्वासित सेवा ही संस्था अनेक देशांत निर्वासितांसाठी काम करते. तेथेही सदिच्छेला अशा कौशल्याची जोड लागतेच.

तयारी मात्र घराजवळच करता येते. शीव म्हणजे सीमा. इंग्रजांची मुंबई येथे संपत असे आणि पलीकडे पोर्तुगीजांची साष्टी लागत असे. टेकडीवरील किल्ला त्याच सीमेच्या राखणीसाठी बांधलेला. १९४७च्या फाळणीनंतर पंजाबातून आलेले निर्वासित शीव कोळीवाड्यात वसले आणि कोळीवाडा हे रेल्वे स्थानक पुढे गुरू तेग बहादूर नगर झाले. शेजारच्या धारावीत तमिळ कानी पडते. मूळच्या कोळी वस्तीभोवती एवढ्या भाषा नांदत असताना, परदेशी जाऊ इच्छिणाऱ्याने आधी शेजाऱ्याची एखादी भाषा शिकून पाहावी. ज्याला सहा महिन्यांत तमिळ किंवा पंजाबीत शेजाऱ्याची विचारपूस करता येत नाही, त्याने स्वाहिलीची आशा जरा बेतानेच धरावी.

जवळच वडाळ्यास महापालिकेचे अ‍ॅकवर्थ कुष्ठरोग रुग्णालय आहे. ते १८९० साली सुरू झाले. ज्यांचे नाव त्याला आहे, त्या महापालिका आयुक्त अ‍ॅकवर्थ यांनी शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्यासह मराठी पोवाड्यांचा संग्रह केला होता. तेही परमुलखातून येऊन येथील भाषेत रमले. कुष्ठरोग आता औषधांनी पूर्ण बरा होतो. मागे राहतो तो एकाकीपणा. क्योटोमध्ये गोन्सालो यांनी जे केले, त्याचा सराव रुग्णालयाच्या परवानगीने येथे करता येईल.

आता व्यवहाराकडे वळू. बोलावणे तेथील बिशपांकडून किंवा व्रतस्थ संघाकडून लेखी यावे आणि आपल्या धर्मग्रामाच्या प्रमुख धर्मगुरूंचे शिफारसपत्र सोबत असावे. पर्यटक व्हिसावर सेवाकार्य करू नये. बहुतेक देशांत त्यासाठी वेगळा व्हिसा लागतो आणि नियमभंगाचा त्रास पुढे यजमान धर्मप्रांताला होतो. मुलांसोबत काम असेल तर पोलीस पडताळणीचा दाखला मागितला जातो. तो पारपत्र कार्यालयामार्फत मिळतो. 'मिशन'च्या नावाखाली कोणी नोकरीचे आमिष दाखवून आगाऊ रक्कम मागत असेल, तर तो भरती एजंट परराष्ट्र मंत्रालयाच्या 'ई-मायग्रेट' व्यवस्थेत नोंदलेला आहे का, हे पैसे देण्यापूर्वी पाहावे. ही खबरदारी घेण्यात अश्रद्धा नाही.

युगांडा, काँगो, ब्राझील अशा पीतज्वराच्या देशांत जायचे असेल तर प्रवासाच्या निदान दहा दिवस आधी, शासनमान्य केंद्रातच लस घ्यावी. २०१६ पासून या लशीचे प्रमाणपत्र आजन्म ग्राह्य धरले जाते. पिवळ्या रंगाची ही पुस्तिका परतीच्या प्रवासातही हातातल्या पिशवीतच ठेवावी, कारण ती नसल्यास भारतात उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावे लागते.