मोठ्यानं वाचलेलं नाटक

मराठी नाटकाचा इतिहास सांगताना दोन साली हमखास येतात. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं, ते पहिलं साल. १८६१ साली विनायक जनार्दन कीर्तने यांचं ‘थोरले माधवराव पेशवे’ आलं, ते दुसरं. भाव्यांच्या खेळात सूत्रधार पदं म्हणायचा आणि पात्रं आपापली भाषणं ऐनवेळी रचायची. कीर्तन्यांनी संवाद आधीच लिहिलेले होते. अशा छापील नाटकांना लोक तेव्हा ‘बुकिश’ म्हणत.

पण या दोन सालांच्या मध्ये आणखी एक नाटक आहे. १८५५ साली जोतीराव फुल्यांनी ‘तृतीय रत्न’ लिहिलं आणि दक्षिणा प्राइझ कमिटीपुढे ठेवलं. कमिटीनं ते घेतलं नाही. तिथल्या भट सभासदांच्या आग्रहापुढे इतरांचं काही चाललं नाही, असं फुल्यांनीच पुढे ‘गुलामगिरी’त लिहून ठेवलंय. नाटक छापून आलं ते थेट १९७९ साली. म्हणजे १२४ वर्षं ते गप्प होतं!

गोष्ट साधी आहे. एक कुणबी आणि त्याची गरोदर बायको. जोशीबुवा ग्रहांची भीती घालतो आणि दोघांना ऐपतीबाहेरच्या खर्चात ढकलतो. विदूषक मधूनमधून बोलत असतो. शेवटी नवरा-बायको रात्रीच्या शाळेत जाऊन शिकायचं ठरवतात. आता बघा, हे नाटक ज्यांच्यासाठी लिहिलं त्यांना अक्षरओळख नव्हती. ते त्यांच्यापर्यंत पोचायचं, तर कुणीतरी मोठ्यानं म्हणायलाच हवं होतं. नेमकं तेच घडलं नाही.

मी बी. ए. ला असताना आमच्या सरांनी एकदा हे नाटक वर्गात वाचायला घेतलं. चार मुलं, दोन मुली, हातात झेरॉक्सचे कागद. जोशीबुवाच्या थापांना वर्ग खो खो हसत होता. मग खर्चाचा हिशेब सुरू झाला आणि हसू आपोआप थांबलं. कुणब्याचे संवाद वाचणारा मुलगा शेतमजुराचा होता. मी ते नाटक आधी परीक्षेसाठी दोनदा वाचलं होतं. ऐकलं मात्र त्या दिवशी पहिल्यांदा.

सरांनी एका तासापुरतं जे केलं, त्याची लंडनमध्ये रीतसर मोहीम झाली. तिथल्या ग्लोब नाट्यगृहाच्या शिक्षण विभागानं १९९५ साली एक उपक्रम सुरू केला. शेक्सपिअरची नाटकं जगभर होतात, पण त्याच्या काळच्या इतर नाटककारांचं काय? १५६७ ते १६४२ या काळातली त्यांची जी नाटकं हाती आहेत, ती सगळी वाचायची, असा संकल्प त्यांनी सोडला. पद्धत मजेशीर होती. रविवारी सकाळी नटांच्या हाती संहिता द्यायची, दिवसभरात जुजबी तालीम, आणि दुपारी संहिता हातात धरूनच प्रेक्षकांसमोर वाचन. नेपथ्याचा खर्च नाही, पाठांतराचा धाक नाही. त्यामुळे कुठलाही निर्माता हात लावणार नाही अशा नाटकांनाही आवाज मिळाला. विद्यार्थ्यांना कळलं, की शेक्सपिअर एकटा उगवला नव्हता. त्याच्याभोवती भलं मोठं रान होतं.

वाचन म्हणजे प्रयोग नव्हे, हे खरंच. त्यात हालचाल नाही, वेशभूषा नाही. पण केवळ आवाजावर नाटक उभं राहतं, हे श्रुतिका ऐकत वाढलेल्या आपल्या पिढीला वेगळं सांगायला नको. कुठलं वाक्य जिभेवर बसतं, कुठं प्रवेश रेंगाळतो, कुठं श्रोता खुर्चीत सरसावून बसतो, हे नाट्यशास्त्राच्या विद्यार्थ्याला एका वाचनात समजतं. त्यासाठी दहा खुर्च्या आणि एक दुपार पुरते.

एखादं नाटक वाईट म्हणून मागं पडलं, की कुणी वाचलंच नाही म्हणून, हे ठरवायचं तरी कसं? आधी ते मोठ्यानं वाचावं लागेल. १८५५ साली त्या कमिटीत एवढं झालं असतं, तर आपण आज दोन नव्हे, तीन साली पाठ केली असती.