कर्करोगातील जनुकीय बदलांचा शोध : चाचणीची मर्यादा का महत्त्वाची

फुफ्फुसाच्या कर्करोगावर कोणते औषध द्यावे, हे आता केवळ गाठीचा आकार आणि प्रसार पाहून ठरत नाही. पेशींतील जनुकीय बदलही तपासावे लागतात. ‘ईजीएफआर’ जनुकात विशिष्ट उत्परिवर्तन असलेल्या रुग्णांना गेफिटिनिब हे औषध लागू पडते, हे २००४ मध्ये स्पष्ट झाले. असे उत्परिवर्तन चाचणीत निसटल्यास रुग्ण उपयुक्त औषधाला मुकू शकतो.

मुख्य अडचण नमुन्यातच असते. बायोप्सीच्या तुकड्यात निरोगी पेशीही येतात. त्यात कर्करोगाच्या पेशी २० टक्के असतील आणि जनुकाच्या दोन प्रतींपैकी एकीतच बदल असेल, तर बदललेल्या प्रती एकूण प्रतींच्या जेमतेम १० टक्के भरतात. १९७७ मध्ये विकसित झालेल्या सँगर पद्धतीला साधारणतः १५ ते २० टक्क्यांहून कमी प्रमाण खात्रीने टिपता येत नाही.

ठरावीक उत्परिवर्तनासाठी बेतलेल्या रिअल-टाइम पीसीआर चाचणीने ही मर्यादा सुमारे एक टक्क्यापर्यंत आणली. डिजिटल पीसीआरमध्ये नमुना हजारो सूक्ष्म थेंबांत विभागून प्रत्येक थेंब स्वतंत्रपणे तपासला जातो, त्यामुळे ०.१ टक्क्याच्या आसपासचे प्रमाणही ओळखता येते. मात्र या दोन्ही पद्धती आधीच ठाऊक असलेले बदलच शोधतात. नव्या पिढीच्या अनुक्रमण तंत्राने अनेक जनुके एकाच वेळी वाचता येतात आणि अनपेक्षित बदलही आढळतात.

संवेदनशीलता वाढली की चुकीच्या निष्कर्षांचा धोकाही वाढतो. ऊती टिकवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या फॉर्मालिनमुळे डीएनएमधील सायटोसीनचे युरॅसिलमध्ये रूपांतर होऊ शकते आणि प्रत्यक्षात नसलेले उत्परिवर्तन दिसते. चाचणीपूर्वी विशिष्ट विकराने युरॅसिल काढून टाकल्यास हा दोष कमी होतो. अनुक्रमणात डीएनएच्या प्रत्येक रेणूला स्वतंत्र खूण जोडूनही यंत्राच्या चुका वेगळ्या काढता येतात.

रक्तात उतरलेले गाठीचे डीएनए तपासणाऱ्या ‘ईजीएफआर’ चाचणीला अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१६ मध्ये मान्यता दिली. तथापि, काही गाठींतून रक्तात फारच थोडे डीएनए येते. त्यामुळे रक्तात बदल न आढळल्यास शक्य तेथे ऊतीची तपासणी केली जाते. ‘उत्परिवर्तन आढळले नाही’ या शेऱ्याचा अर्थ त्या नमुन्यापुरता आणि त्या पद्धतीच्या मर्यादेपुरताच असतो. म्हणूनच अहवालात कर्करोगाच्या पेशींचे प्रमाण, वापरलेली पद्धत आणि तिची मर्यादा यांची नोंद आवश्यक ठरते.