उपऱ्यांची ग्रामसभा

ग्रामसभेची नोटीस खालून वर वाचावी. शेवटी ‘आयत्या वेळचे विषय’ असतात आणि गावाला जे खरं बोलायचं असतं ते बहुधा तिथेच निघतं: नळाला पाणी का नाही, गायरानावर कुंपण कोणी घातलं, डंपरने रस्ता उखडला तो कोण दुरुस्त करणार. पिरंगुटहून लवासाकडे जाताना लागणाऱ्या उरवड्यात काय किंवा मुळशीतल्या दुसऱ्या कुठल्या गावात काय, ही सभा भरते ती 1958 च्या ग्रामपंचायत कायद्याने. तिची कुळी मात्र बरीच मागे जाते.

शिवकाळात आणि पेशवाईत गावचे तंटे गोतसभेपुढे येत. पाटील, कुलकर्णी, मिरासदार, बलुतेदार जमत, साक्षी होत, निवाड्याचा महजर लिहिला जाई. ज्याला अक्षर येत नसे तो खाली आपल्या धंद्याची निशाणी काढी. कुणब्याचा नांगर त्यात नेहमीचा. महारांच्या निशाण्याही या कागदांवर दिसतात. म्हणून गोतसभेला लोकशाही म्हणण्याचा मोह अनेकांना होतो. तो आवरलेला बरा. बैठकीतला मान वतनाने आणि मिराशीने, म्हणजे वंशपरंपरेने चालत आलेल्या हक्काने, ठरे. दुसऱ्या गावाहून येऊन जमीन कसणारा ‘उपरी’ तिथे राही, राबे, सारा भरी. पण गोतात त्याची गणना नसे. बायकांचं नाव क्वचित.

इंग्रज आले तेव्हा एल्फिन्स्टनने 1819 च्या अहवालात या गावपद्धतीचं कौतुक केलं. पण पुढे दिवाणी कोर्टं आली, आणि ज्या निवाड्यावर कोर्टात अपील होतं त्यासाठी चावडीवर दिवस कोण घालवणार? 1920 मध्ये मुंबई इलाख्याने ग्रामपंचायतींचा कायदा केला, तोवर जुनं गोत निस्तेज झालं होतं. पुढच्याच वर्षी, 16 एप्रिल 1921 ला, मुळशी पेट्यातले शेतकरी टाटांच्या धरणाच्या कामावर जाऊन बसले. जमीन घेताना गावाला विचारायचं कलम 1894 च्या भूसंपादन कायद्यात नव्हतं. मग सभा धरणाच्या पायावरच भरली, असं म्हटलं तरी चालेल.

1958 च्या कायद्याने वतनाची अट कागदावरून पुसली: मतदार यादीत नाव असलेला प्रत्येक जण ग्रामसभेचा सदस्य. 73 व्या घटनादुरुस्तीने 24 एप्रिल 1993 पासून तिला घटनेत जागा मिळाली. पुढे महाराष्ट्राने नेहमीच्या सभेआधी महिलांची वेगळी सभा घेण्याचं बंधन घातलं, आणि मला या साऱ्या इतिहासात हीच दुरुस्ती सर्वांत धीट वाटते. गणपूर्तीला 15 टक्के मतदार किंवा 100, यांतला कमी आकडा. तेवढे जमले नाहीत की सभा तहकूब. तहकूब सभेला गणपूर्तीच लागत नाही. ही पळवाट गावोगावच्या पुढाऱ्यांना तोंडपाठ असते.

आता उरवडे. इथे कारखाने आले, कामगार आले, भाड्याच्या खोल्या आल्या. 7 जून 2021 ला इथल्या एका रासायनिक कारखान्याच्या आगीत 17 कामगार गेले, बहुतेक महिला. कारखान्याची सुरक्षितता तपासणं औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाचं काम. ग्रामसभा फार तर ठराव करून पाठवते. आणि बाहेरून आलेल्या ज्या कामगाराचं मतदार म्हणून नाव अजून मूळ गावीच आहे, त्याला तो ठराव मांडताही येत नाही. तो नव्या काळातला उपरी.

शेजारची सूस, म्हाळुंगे आणि बावधन बुद्रुक ही गावं आगीच्या त्याच महिन्याच्या अखेरीस पुणे महापालिकेत गेली. त्यांची ग्रामसभा तिथेच संपली. मार्च 2022 मध्ये महापालिकेचीही मुदत संपून प्रशासक आला, निवडणूक लांबत गेली, आणि या तीन गावांचे जुने मिरासदारही आयत्या वेळचे विषय घेऊन क्षेत्रीय कार्यालयाच्या खिडकीशी उभे राहू लागले.