अ‍ॅडॅप्टरच्या नावामागचे अ‍ॅडॅप्टर

विंडोजवर विनडम्प या पॅकेट-कॅप्चर प्रोग्रॅमकडे अ‍ॅडॅप्टरांची यादी मागितली, की प्रत्येक ओळीत क्रमांकानंतर ‘\डिव्हाइस\एनपीएफ_’ असे येते आणि पुढे महिरपी कंसात बत्तीस अंक-अक्षरांची माळ येते. एनपीएफ हा विनडम्प ज्याच्या आधारे चालतो त्या विनपीकॅपचा ड्रायव्हर. तो इटलीत, तोरिनोच्या पॉलिटेक्निकमध्ये तयार झाला. माळ म्हणजे त्या अ‍ॅडॅप्टरचा जीयूआयडी, म्हणजे दुसऱ्या कशाशी जुळू नये असा ओळखक्रमांक. शेजारी कार्डाचे वर्णन असते, पण एकाच बनावटीची दोन कार्डे असली तर त्याचा उपयोग संपतो. मग माळेवरच भिस्त.

माळेत काही पुरावा आहे का? जोडरेघांनी तिचे गट पाडलेले असतात, त्यांतल्या तिसऱ्या गटाचा पहिला अंक बहुधा ४ असतो. याचा अर्थ ती यादृच्छिक आहे, तिच्यातून काहीच निघत नाही. ‘लोकल एरिया कनेक्शन’ किंवा ‘वाय-फाय’ हे माणसाला कळणारे नाव रजिस्ट्रीत शोधावे लागते. तिथे ‘कंट्रोल’ विभागातल्या ‘नेटवर्क’खाली आधी एक दुसरीच माळ लागते, तिच्या पोटात आपल्या अ‍ॅडॅप्टरची माळ आणि तिच्याखाली ‘कनेक्शन’मध्ये ते नाव. ही वरची माळ प्रत्येक विंडोज संगणकावर एकच असते, कारण ती नेटवर्क अ‍ॅडॅप्टर या साऱ्या वर्गाची ओळख आहे:

४डी३६ई९७२-ई३२५-११सीई-बीएफसी१-०८००२बीई१०३१८

इथे तिसऱ्या गटाच्या सुरुवातीला ४ नाही, १ आहे. पहिल्या आवृत्तीचा जीयूआयडी वेळ आणि कार्डाचा पत्ता जोडून बनतो, म्हणजे हा दस्तऐवज वाचता येतो. पहिल्या तीन गटांत १५ ऑक्टोबर १५८२ पासून, म्हणजे ग्रेगरी दिनदर्शिकेच्या पहिल्या दिवसापासून, उलटलेला काळ शंभर नॅनोसेकंदांच्या एककात नोंदलेला असतो. गट उलट क्रमाने जोडून हिशेब केला की उत्तर येते: ३० ऑगस्ट १९९५, ग्रिनिच वेळ रात्री ११ वाजून ४० मिनिटे ५८ सेकंद. रेडमंडच्या, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या गावच्या, घड्याळात तेव्हा दुपारचे पावणेपाच वाजत आले होते. बुधवार होता. विंडोज ९५ बाजारात येऊन सहा दिवस झाले होते. हा योग मोहात पाडणारा आहे, पण त्यावर काही उभारता येत नाही. शिवाय ही वेळ संगणकाच्या घड्याळाची आहे, आणि ते बरोबर होते याची हमी माळ देत नाही.

शेवटचा गट अधिक बोलका आहे. ०८-००-२बी ही उपसर्गाची तीन बाइट्स डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनला नेमून दिलेली होती. म्हणजे जगातल्या सगळ्या विंडोज अ‍ॅडॅप्टरांच्या वर्गनामात एका विशिष्ट अ‍ॅडॅप्टरचा पत्ता कोरलेला आहे. संगणकही डिजिटलचाच होता का? विंडोज एनटी त्यांच्या अल्फा प्रोसेसरवर चालत असे, तेव्हा शक्यता आहे. पण पत्ता कार्डाचा आहे, पेटीचा नाही. डिजिटलचे कार्ड साध्या पीसीतही बसत असे.

आता भावंडे पाहू. बाकीच्या बऱ्याच जुन्या उपकरणवर्गांच्या माळा हिच्याशी जुळतात, फरक फक्त पहिल्या गटाच्या शेपटीत. सीडीरॉम ९६५, डिस्कड्राइव्ह ९६७, डिस्प्ले ९६८, कीबोर्ड ९६बी, मोडेम ९६डी, मॉनिटर ९६ई, माउस ९६एफ, नेट ९७२, पोर्ट्स ९७८, प्रिंटर ९७९, सिस्टिम ९७डी. इंग्रजी वर्णमालेप्रमाणे नावे एकामागे एक लागली आहेत! क्रमांक मागण्यापूर्वी कोणीतरी वर्गांची यादी वर्णानुक्रमे लावून ठेवली होती आणि गठ्ठ्याने मिळालेले क्रमांक तिला ओळीने चिकटवले, हा तर्क मी जवळजवळ निश्चित मानतो. त्यातूनच मर्यादाही कळते. त्या काळच्या घड्याळाची टिकटिक शंभर नॅनोसेकंदांइतकी बारीक नव्हती, म्हणून शेवटचे अंक क्रम सांगतात, वेळ नाही. सेकंदापर्यंत विश्वास ठेवावा, त्यापुढे नको.

एक साक्षीदार उरतो. फायरवायर आणि इन्फ्रारेड हे वर्ग नंतरचे. त्यांच्या माळांवर फेब्रुवारी १९९७ ची तारीख निघते आणि पत्ता ०८००२बीई२०९२एफ. उपसर्ग पुन्हा डिजिटलचा, पण कार्ड दुसरे. माळा काढणाऱ्यांच्या आसपास डिजिटलची कार्डे नेहमीची होती, एवढे या दोन नोंदींवरून म्हणता येईल. माणूस तोच होता का, हे नाही.

पुढे हा माग बुजवला गेला. जीयूआयडीतून कार्डाचा पत्ता उघड होतो यावर १९९९ मध्ये गदारोळ झाला, आणि विंडोज २००० पासून नेहमीच्या जीयूआयडीत पत्ता येणे थांबले. कॅप्चरच्या यादीतल्या माळा मुक्या आहेत त्या म्हणूनच. वर्गाची माळ मात्र बदलणे शक्य नव्हते: नेटवर्क कार्डाच्या प्रत्येक ड्रायव्हरसोबत येणाऱ्या आयएनएफ फाइलमध्ये ‘क्लासजीयूआयडी’ या शब्दापुढे तीच लिहावी लागते, आजही.