बीज आणि भूमि

पेरणी करणारा शेतकरी बियाण्याइतकीच जमिनीचीहि पारख करितो. बी कितीहि टपोरें असो, भूमींत वाफसा नसेल तर तें कुजतें किंवा करपतें, हें त्यास कोणा पंडितानें शिकवावें लागत नाहीं. परंतु हीच साधी गोष्ट कर्करोगाच्या बाबतींत वैद्यकशास्त्राच्या गळीं उतरावयास जवळजवळ शंभर वर्षें लागलीं. स्तनाच्या कर्करोगाचें नांव आज सुशिक्षित घरांतूनहि दबक्या आवाजांतच घेतलें जातें. त्याच्या संशोधनाचा हा इतिहास वैद्यांपुरताच राहूं नये, असें आम्हांस वाटतें.

१८८९ सालीं स्टीफन पॅजेट या लंडनच्या शस्त्रवैद्यानें 'लॅन्सेट' या नियतकालिकांत एक लेख लिहिला. नामांकित शस्त्रवैद्य सर जेम्स पॅजेट यांचा हा पुत्र. त्या काळची प्रचलित समजूत अशी कीं, स्तनांतील अर्बुदाचे कण रक्ताबरोबर वाहत जातात आणि जेथें अडकतात तेथें नवी गांठ धरते. म्हणजे दुसरी गांठ कोठें व्हावी, हा केवळ वाहतुकीचा प्रश्न. पॅजेटनें या समजुतीस आंकड्यांची कसोटी लाविली. स्तनाच्या कर्करोगानें मृत्यु आलेल्या ७३५ रोग्यांच्या नोंदी त्यानें तपासल्या. त्यांपैकीं २४१ जणांच्या यकृतांत दुय्यम गांठी होत्या. प्लीहेंत मात्र अवघ्या १७ जणांच्या. प्लीहेसहि रक्ताचा पुरवठा विपुल असतो. मग हा भेद कां? हाडांचीहि तीच कथा. कांहीं हाडें या रोगास वारंवार बळी पडतात, हातापायांचीं लहान हाडें बहुधा सुटतात. पॅजेटचा निष्कर्ष असा कीं, बीज सर्वत्र उधळलें जातें, पण रुजतें तें मानवेल त्याच भूमींत. या विचाराचें श्रेय त्यानें एकट्याकडे घेतलें नाहीं. फुक्स या नेत्रवैद्यानें तसें पूर्वींच सुचविलें होतें, हें त्यानें नमूद केलें. इतकेंच नव्हे, तर बीजाचा अभ्यास करणारे ते वनस्पतिशास्त्रज्ञ आणि आपण केवळ नांगऱ्या, असें तो विनयानें म्हणाला.

परंतु नांगऱ्याचें बोलणें ऐकतो कोण? तो काळ शस्त्रवैद्यांच्या वैभवाचा होता. बाल्टिमोरच्या विल्यम हॉल्स्टेडनें १८९४ सालीं आपल्या ५० शस्त्रक्रियांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. स्तन, त्याखालील छातीचे स्नायु आणि कांखेंतील ग्रंथि हें सर्व एकत्र कापून काढावयाचें, अशी ती पद्धति. त्याच जागीं रोग पुन्हां उद्भवण्याचें प्रमाण तिनें घटलें, हें कबूल केलें पाहिजे. पण ती पाऊणशें वर्षें प्रमाण मानली गेली, आणि खोल गेलेली छाती व सुजलेला हात घेऊन असंख्य स्त्रियांनीं उरलेलें आयुष्य काढलें. तण उपटावयाचें तर मुळासकट, हा त्यामागील तर्क. जमिनीचा विचार त्यांत कोठेंच नव्हता.

जमीन मात्र साक्ष देतच होती. १८९५-९६ सालीं ग्लासगोच्या जॉर्ज बीट्सननें आपल्या रोगी स्त्रियांच्या बीजकोशांवर शस्त्रक्रिया करून ते काढून टाकले, तेव्हां कांहीं रोग्यांचीं स्तनांतील अर्बुदें ओसरलीं. अर्बुदास हात न लावतां, शरीराच्या दुसऱ्याच भागांतून त्याचें पोषण तोडतां येतें, असा याचा अर्थ होता. तरीहि १९२८ सालीं जेम्स यूइंगसारख्या अधिकारी पुरुषानें रोगाच्या प्रसाराचें कारण रक्ताभिसरणाच्या रचनेंत शोधलें, आणि पॅजेटचा लेख मागें पडला. पुढें १९७१ सालीं अमेरिकेंत बर्नार्ड फिशर यांनीं चिकित्सेची व्यवस्थित तुलना आरंभिली, आणि मोठी शस्त्रक्रिया करून घेणाऱ्या स्त्रिया लहान शस्त्रक्रियेवाल्यांहून अधिक जगत नाहींत, असें अखेर सिद्ध झालें.

पॅजेटचा पुनर्जन्म झाला तो प्रयोगशाळेंत. १९८० सालीं हार्ट व फिडलर यांनीं उंदरांच्या मांडींत फुप्फुस, बीजकोश व मूत्रपिंड यांचे तुकडे रोवले आणि रक्तांत कर्कपेशी सोडल्या. फुप्फुस व बीजकोश यांच्या तुकड्यांत गांठी झाल्या. मूत्रपिंडाच्या तुकड्यांत झाल्या नाहींत. १९८४ सालीं मीना बिसेल या विदुषीनें व तिच्या सहकाऱ्यानें याहूनहि विलक्षण गोष्ट दाखविली. कोंबड्यांत अर्बुद उत्पन्न करणारा रूसचा विषाणु त्यांनीं अंड्यांतील भ्रूणास टोंचला. भ्रूणांत विषाणु पसरला, पण अर्बुद झालें नाहीं. त्याच पेशी भ्रूणांतून सुट्या करून कांचेच्या बशींत ठेवितांच मात्र त्या बिघडल्या. दोष पेशींत होताच. त्यास आवर घालीत होता तो शेजार. १९९७ सालीं बिसेल यांच्याच प्रयोगशाळेंत मानवी स्तनाच्या कर्कपेशींचा भोंवतालच्या जाळ्याशीं असलेला एक दुवा रोखला गेला, तेव्हां त्या पेशी पुन्हां शिस्तीनें गोलाकार बसल्या. त्यांच्यांतील आनुवंशिक दोष जसेच्या तसे होते.

दरम्यान बीजाचाहि उलगडा होत होता. मूलपेशी म्हणजे जी आपल्यासारखी दुसरी पेशी निर्माण करिते आणि निराळें काम करणाऱ्या पेशींनाहि जन्म देते ती. २००३ सालीं मिशिगन विद्यापीठांतील अल-हज्ज, विखा व क्लार्क यांनीं सहकाऱ्यांसह दाखविलें कीं, स्तनाच्या अर्बुदांतील सर्व पेशी सारख्या नसतात. विशिष्ट खुणेच्या अवघ्या १०० पेशींनीं उंदरांत अर्बुद धरलें. ती खूण नसलेल्या हजारों पेशींनीं धरलें नाहीं. तेव्हां अनेकांस वाटलें कीं, खरें बीज सांपडलें. तेवढें वेंचून नष्ट केलें कीं काम झालें.

पण येथें भूमीनें पुन्हां आपला हक्क सांगितला. मँचेस्टरच्या स्कोफील्डनें १९७८ सालींच असें मांडलें होतें कीं, रक्ताच्या मूलपेशीचें मूलपण ती ज्या कोनाड्यांत राहते त्या कोनाड्यावर अवलंबून असतें. तोच न्याय कर्कपेशींनाहि बराचसा लागूं पडला. रॉबर्ट वाइनबर्ग यांच्या प्रयोगशाळेंतून २००७ सालीं दिसून आलें कीं, अस्थिमज्जेंतून आलेल्या पेशी अर्बुदाच्या शेजारीं असल्या म्हणजे कर्कपेशी अधिक संचारी होतात, आणि तो शेजार सुटला कीं हा गुणहि ओसरतो. २००८ सालीं तेथेंच आढळलें कीं, कांहीं विशिष्ट संदेश मिळाल्यास स्तनाच्या साध्या अस्तरपेशींतहि मूलपेशींचे गुण उत्पन्न होतात. शेतांतली उपमा येथें अपुरी पडते. कोणतीहि जमीन फोलपटाचें बी करीत नाहीं. ही भूमि तेंहि करूं शकते.

हा केवळ पांडित्याचा वाद नव्हे. अर्बुदाच्या रक्तवाहिन्या तोडून त्यास उपाशी मारावें, या कल्पनेवर बेव्हासिझुमॅब हें औषध आलें. स्तनाच्या कर्करोगावर तें आयुष्य वाढवितें असें न दिसल्यामुळें अमेरिकेच्या औषधनियामक खात्यानें २०११ सालीं त्या रोगापुरती त्याची मान्यता काढून घेतली. २०१२ सालीं मिशिगनच्या संशोधकांस उंदरांत असें दिसलें कीं, अशा औषधांनीं प्राणवायु कमी झाला म्हणजे अर्बुदांतील मूलपेशींचें प्रमाण उलट वाढतें. उंदरांत दिसलें तेंच स्त्रियांत घडलें, असें यावरून म्हणतां येत नाहीं. पण भूमि न जाणतां नांगर घालूं नये, एवढा बोध त्यांत आहे. उलट पक्षीं, १८,७६६ स्त्रियांवरील चांचण्यांचा एकत्र आढावा २०१५ सालीं प्रसिद्ध झाला. हाडांची झीज थांबविणाऱ्या बिसफॉस्फोनेट औषधांमुळें ऋतुसमाप्तीनंतरच्या स्त्रियांत हाडांतील पुनरुद्भव व या रोगाचे मृत्यु हे दोन्ही कमी होतात, असें त्यांत आढळलें. त्याहून तरुण स्त्रियांत तसा लाभ दिसला नाहीं. एकच औषध, पण भूमि निराळी म्हणून फळहि निराळें.

शेवटीं एक सावधगिरीची सूचना. या लेखांत भूमि म्हटलें आहे ती पेशींच्या शेजारची, सूक्ष्मदर्शकाखालची. तिचा आधार घेऊन रोगी स्त्रीच्या स्वभावास, तिच्या दुःखास किंवा तिच्या संसारास बोल लावणें हें शास्त्र नव्हे आणि माणुसकीहि नव्हे. पॅजेटनें नोंदी चाळल्या त्या कोणास दोष देण्यासाठीं नव्हत. ७३५ मृत्यूंनंतर पुढचीस कांहीं उपयोग व्हावा म्हणून चाळल्या. वनस्पतिशास्त्रज्ञ आणि नांगऱ्या हे दोघे आतां कोठें एका बांधावर येऊन बसले आहेत. त्यांचें संभाषण पुरें व्हावयास वेळ लागेल. परंतु तें सुरू झालें आहे, ही गोष्ट आपल्या घरांतील स्त्रियांस मोकळ्या आवाजांत सांगण्याजोगी आहे.