अठ्ठावीस बाजूंचं गाव

कृषिशास्त्रज्ञ कार्व्हर ५ जानेवारी १९४३ रोजी गेले आणि मराठी वाचकाच्या मनातलं टस्कीगी तिथेच थांबलं. वीणा गवाणकरांचं ‘एक होता कार्व्हर’ १९८१ मध्ये आलं. तेव्हापासून अलाबामातली ही दूरची संस्था, तिथले भुईमूग आणि रताळी आपल्या शाळकरी मुलांच्याही ओळखीची झाली. संस्थेला ज्याचं नाव मिळालं ते गाव मात्र अनोळखीच राहिलं. एकाच नावाने ओळखले जाणारे हे दोघे काही वर्षं एका हद्दीत नांदलेलेच नाहीत, हे त्यामुळे आपल्या ध्यानात येत नाही.

गाव संस्थेपेक्षा जुनं. क्रीक आदिवासींच्या भूमीवर १८३३ मध्ये ते वसवलं गेलं. आजूबाजूला काळीभोर जमीन, कापसाचे मळे आणि त्यांवर राबणारे गुलाम. यादवी युद्धानंतर गुलामी संपली, कापूस राहिला. मेकन परगण्यात गोऱ्यांपेक्षा कृष्णवर्णीय जास्त होते आणि काही काळ त्यांच्या हाती मत होतं. लुइस अॅडम्स हा पूर्वीचा गुलाम. पत्र्याची भांडी घडवायची, खोगिरं आणि जोडे शिवायचे हा त्याचा धंदा, आणि त्याच्या शब्दाला आपल्या लोकांत वजन. १८८० च्या निवडणुकीत राज्याच्या सेनेटसाठी उभा असलेला एक गोरा उमेदवार त्याच्याकडे मतं मागायला आला. अॅडम्सने बदल्यात शाळा मागितली. उमेदवार निवडून आला, शब्दाला जागला आणि राज्याने वर्षाला २,००० डॉलर मंजूर केले. तेही फक्त शिक्षकांच्या पगारासाठी. जागेसाठी, इमारतीसाठी छदाम नाही.

म्हणजे संस्थेचा जन्म मतांच्या सौद्यातला. पुढचं सगळं समजायला ही गोष्ट लक्षात ठेवलेली बरी.

४ जुलै १८८१ रोजी शाळा भरली. मुख्याध्यापक पंचवीस वर्षांचे बुकर टी. वॉशिंग्टन, विद्यार्थी तीस, आणि वर्ग चर्चशेजारच्या एका मोडक्या खोपटात. पाऊस आला की एखादा विद्यार्थी उठून मास्तरांच्या डोक्यावर छत्री धरायचा. पुढच्या वर्षी गावाबाहेर एक पडीक मळा ५०० डॉलरला मिळाला. निम्मे पैसे हॅम्पटनच्या शाळेच्या खजिनदाराने उसने दिले. मळ्यावर तबेला आणि कोंबड्यांचं खुराडं होतं. दोन्ही झाडूनपुसून तिथे वर्ग भरू लागले.

मग विटा. गावात वीटभट्टी नव्हती आणि शाळेला इमारती हव्या होत्या. मुलांनी गुडघाभर चिखल तुडवून विटा थापल्या. पहिली भट्टी बिघडली, दुसरी बिघडली, तिसरी भाजून होत आली असताना कोसळली. पैसे संपले. शिकायला आलो की चिखल तुडवायला, असं मुलं बोलू लागली. वॉशिंग्टननी माँटगोमेरीला जाऊन आपलं घड्याळ १५ डॉलरला गहाण टाकलं आणि चौथी भट्टी लावली. ती साधली. घड्याळ काही सोडवता आलं नाही. मात्र त्या विटा विकत घ्यायला गावातले गोरे लोक संस्थेच्या दारात येऊ लागले. ज्यांना ही शाळा नको होती त्यांनाही पक्की वीट हवीच होती. वॉशिंग्टन यांचं सगळं तत्त्वज्ञान या व्यवहारात आहे, त्याचं बळही आणि त्याची मर्यादाही. उपयोगी पडा, म्हणजे आदर आपोआप मिळेल, असं ते सांगत राहिले. कृष्णवर्णीय विचारवंत डु बॉइस यांनी १९०३ मध्ये त्यावर कडक टीका केली आणि ती मला पटते. पण मताधिकार काढून घेणाऱ्या कायद्यांविरुद्धच्या खटल्यांना हेच वॉशिंग्टन गुपचूप पैसे पुरवत होते, हेही त्याच हिशेबात धरायला हवं.

संस्था वाढत गेली. एमआयटीतून पदवी घेतलेले पहिले कृष्णवर्णीय वास्तुविशारद रॉबर्ट टेलर यांनी इमारती आखल्या, मुलांनी त्या बांधल्या. कार्व्हर १८९६ मध्ये आले. शेतकरी शाळेपर्यंत येऊ शकत नाही म्हणून १९०६ मध्ये शाळाच गाडीवर चढून त्याच्या बांधावर गेली. उद्योगपती ज्यूलियस रोझनवाल्ड यांचा पैसा आणि संस्थेची आखणी यांतून दक्षिणेत कृष्णवर्णीय मुलांसाठी हजारो शाळा उभ्या राहिल्या. १९४१ पासून इथल्या धावपट्टीवर लष्करी वैमानिक घडले. ती कीर्ती सिनेमांनी पोचवली आहे, इथे पुन्हा सांगत नाही.

एक मात्र सांगायलाच हवं. १९३२ मध्ये सरकारच्या आरोग्य खात्याने परगण्यातले ६०० कृष्णवर्णीय पुरुष निवडले. ३९९ जणांना उपदंश होता, २०१ जणांना नव्हता. रोग्यांना सांगण्यात आलं, की तुमचं रक्त बिघडलंय. उपचाराच्या नावाखाली तपासण्या झाल्या, दफनाच्या खर्चाचं आमिष दाखवून शवविच्छेदनाची संमती मिळवली गेली. पेनिसिलिन हाती आल्यावरही ते त्यांना दिलं नाही, कारण पाहायचं होतं ते रोग पुढे काय करतो एवढंच. हे चाळीस वर्षं चाललं आणि संस्थेचं रुग्णालय त्यात वापरलं गेलं. १९७२ मध्ये वर्तमानपत्रांनी ते उघड केलं. अध्यक्ष क्लिंटन यांनी माफी मागितली १९९७ मध्ये. भरवसा ही संस्थेची सगळ्यांत मोठी कमाई होती आणि सरकारने नेमका तोच वापरला.

आता हद्दीकडे येतो. १९५० च्या दशकापर्यंत संस्थेभोवती प्राध्यापक, परिचारिका, माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयातले डॉक्टर अशी सुशिक्षित कृष्णवर्णीय वस्ती जमली होती. मतदार नोंदणीला गेलं की अधिकारी जागेवर नसायचे. असलेच तर विद्वान प्राध्यापकांनाही वाचनलेखनाच्या परीक्षेत अडवायचे. तरी चिकाटीने सुमारे चारशे जणांची नावं यादीत लागली. तेव्हा १९५७ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने गावाची हद्दच नव्याने आखली. चौकोनी गाव अठ्ठावीस बाजूंचं झालं. रेघ अशी वळवळत गेली की चार-पाच सोडून सगळे कृष्णवर्णीय मतदार बाहेर पडले आणि एकही गोरा मतदार बाहेर गेला नाही. टस्कीगी संस्था टस्कीगी गावात राहिली नाही.

लोकांनी गोऱ्यांच्या दुकानांतली खरेदी थांबवली. बहिष्कार हा शब्द कायद्यात अडकू शकत होता, म्हणून घोषणा अशी की आपल्या मित्रांकडेच खरेदी करा. अनेक दुकानांना टाळी लागली. समाजशास्त्राचे प्राध्यापक चार्ल्स गोमिलियन यांच्या नावाने खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. तरुण वकील फ्रेड ग्रे नकाशा घेऊन उभे राहिले. न्यायमूर्ती फ्रँकफर्टर यांनी विचारलं, यात संस्था कुठे आहे? ग्रे यांनी सांगितलं, ती हद्दीबाहेर आहे. नोव्हेंबर १९६० मध्ये निकाल ग्रे यांच्या बाजूने लागला.

हद्द परत आली, पण माणसं पांगू लागली. १९६३ मध्ये गावच्या हायस्कुलात तेरा कृष्णवर्णीय मुलांना प्रवेश मिळताच गोऱ्या पालकांनी आपली मुलं काढून खासगी शाळेत घातली. जानेवारी १९६६ मध्ये सॅमी यंग हा विद्यार्थी पेट्रोल पंपावर गोऱ्यांसाठी राखलेल्या स्वच्छतागृहावरून वाद झाल्यावर मारला गेला. मारणारा सुटला. त्याच वर्षी परगण्याने लुशियस अॅमर्सन हा कृष्णवर्णीय शेरीफ निवडला, १९७२ मध्ये जॉनी फोर्ड महापौर झाले. सत्ता हाती आली तेव्हा गोरी वस्ती निघून जात होती, तिच्याबरोबर व्यापारही.

१९८० मध्ये गावात तेरा हजारांवर लोक होते, २०२० च्या जनगणनेत ९,३९५. गरिबीचं प्रमाण देशाच्या सरासरीच्या दुपटीहून अधिक. संस्थेचं जॉन अँड्र्यू रुग्णालय १९८७ मध्ये बंद पडलं, तेव्हापासून बाळंतपणासाठी ओपेलायका नाहीतर माँटगोमेरी गाठावं लागतं. महामार्ग गावाला टाळून उत्तरेकडून जातो आणि खरेदीला निघालेली मोटार वीस मैलांवरच्या ऑबर्नकडे वळते. परगण्यातल्या शॉर्टरमध्ये कुत्र्यांच्या शर्यती आणि बिंगो यंत्रं यांनी रोजगार दिला होता. राज्याच्या धाडींनी तोही बेभरवशाचा झाला. संस्था मात्र १९८५ पासून विद्यापीठ आहे. विद्यार्थी तीनेक हजार. देशातले कृष्णवर्णीय पशुवैद्य बहुसंख्येने इथूनच बाहेर पडतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये आवारात गोळीबार होऊन एक तरुण मेला, सोळा जण जखमी झाले, आणि सर्वांना मोकळं असलेलं हे आवार ओळखपत्राशिवाय बंद झालं.

गावाच्या मधोमध न्यायालयासमोर चौक आहे. परगण्याने तो १९०६ मध्ये कॉन्फेडरेट सैनिकांच्या, म्हणजे गुलामगिरीसाठी लढलेल्या बाजूच्या, लेकींच्या मंडळाला देऊन टाकला, गोऱ्यांची बाग म्हणून. त्यांनी तिथे सैनिकाचा पुतळा उभारला. जुलै २०२१ मध्ये फोर्ड, तेव्हाचे नगरसेवक आणि पूर्वीचे महापौर, करवत घेऊन वर चढले आणि सैनिकाचा पाय कापायला लागले. शेरीफने येऊन त्यांना थांबवलं. फोर्ड खाली उतरले. चौक कागदोपत्री अजून त्या मंडळाच्याच नावावर होता.