जनपदोद्ध्वंस आणि मूषक

वायु, उदक, देश व काल विकृत झाले म्हणजे जनपदाचा नाश होतो, असें चरकसंहितेच्या विमानस्थानांतील तिसऱ्या अध्यायांत प्रतिपादिलें आहे. जलपक्षी सोडून गेलेलें उदक व मूषकादिकांनीं व्यापलेला देश तेथें दूषित मानिला आहे. हीं लक्षणें निराधार नव्हेत. मुंबईंत १८९६ सालीं प्लेग उद्भवला. उंदरांवरील पिसवा तो पसरवितात, हें सिमाँ या फ्रेंच संशोधकानें १८९८ सालीं कराचींत दाखविलें. १९५७ सालीं शिमोगा जिल्ह्यांतील क्यासनूरच्या वनांत माकडें मरूं लागलीं व माणसेंही तापानें दगावलीं. तेथें वाहक गोचीड निघाली. एवढ्यावरून चरकास जंतुशास्त्र अवगत होतें, असें म्हणणें साहसाचें होईल; त्यानें मूळ कारण अधर्म हेंच सांगितलें आहे. परंतु पशुपक्ष्यांच्या स्थितीवरून मनुष्याच्या आरोग्याचें अनुमान करावें, ही त्याची दृष्टि मात्र निःसंशय ग्राह्य होय.